प्रस्थान
इंजिनाचा भरवसा नाही, म्हणून बोट दुरुस्तीच्या गोदीपर्यंत रात्रीतून शिडावरच न्यायची होती. गोदीच्या तोंडाशी इतका गाळ, की उधाणाच्या भरतीशिवाय आत शिरता येत नाही. वारा, ओहोटी, घरून, म्हणजे अमळनेरहून, किनाऱ्याकडे जाणारी गाडी जुळवून मी निघायला अमावस्या ठरवली. आई अडून बसली, “अमावस्याले घर सोडू नको.” शेवटी तिनेच तोड काढली: आदल्या दिवशी सामान शेजारी ठेवायचं, म्हणजे प्रस्थान झालं, प्रवास अमावस्येआधीच सुरू झाला असं धरायचं. कटकट नको म्हणून ताडपत्रीवाल्याकडून शिवून आणलेलं शीड शेजारच्या मंदाबाईंकडे ठेवलं. सकाळी त्यांच्या दाराला कुलूप! “ती बोदवडले गयी. चार दिनमा येई,” आई म्हणाली. “तुला माहीत होतं?” मी ओरडलो. “बसा आता पुढच्या उधाणाची वाट बघत!” “पुनवले बी उधाण येस. मंग निंघ,” ती भाकरी थापत म्हणाली. “इंजिन बंद ऱ्हायनं तरी चांदनामा तुले किनारा दिसी.”