भिडू

शेवटच्या वळणावर बाबांनी नेहमीप्रमाणे ब्रेक दाबला आणि लेकीच्या लाल गाडीला पुढे जाऊ दिलं. लाल गाडीने पडद्यावरची रेघ ओलांडली. "शाब्बास!" बाबा रिकाम्या खोलीत म्हणाले. जन्मभर बस हाकलेल्या माणसाला हरवणं म्हणजे काही खायचं काम नाही, पण हरण्यातही मजा असते, हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं होतं.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी असायची. बाबांच्या घरी कॉम्प्युटर तिनेच आणला, मोडेमही तिनेच बसवला. "फोनची तार भिंतीतून मोडेममध्ये, मोडेममधून फोनमध्ये, आणि ही जाड केबल कॉम्प्युटरच्या पाठीत," असं सांगत तिने केबलचे दोन्ही स्क्रू नखाने आवळले होते. खेळ सुरू करताना पडद्यावर दोनच पर्याय यायचे: फोन करणारा आणि वाट बघणारा. "तुम्ही वाट बघा, मी लावते," ती म्हणाली होती. वाट बघण्यात बाबांचा हात कोण धरणार! शनिवारची संध्याकाळ झाली की ते खुर्ची ओढून बसत. मग मोडेम किंचाळायचा, खरखरायचा, आणि तो गप्प झाला की शर्यत सुरू. तिची गाडी पुढे, यांची मागे.

पूर्वी लाइन मध्येच तुटायची. खेळ जागच्या जागी थांबायचा आणि लगेच फोन वाजायचा. "बाबा, तुटली हो, परत लावते." गेल्या खेपेला घरी आली तेव्हा तिने त्यावरही इलाज केला. खेळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात शिरून एक खूण केली आणि म्हणाली, "आता लाइन तुटली तरी शर्यत थांबणार नाही. माझी गाडी कॉम्प्युटर चालवेल." पोरीला आपली किती काळजी, या विचाराने बाबांना भरून आलं होतं. तेव्हापासून लाइन एकदाही तुटली नव्हती, आणि लेकीचा हातही भलताच बसला होता. गाडी कधी कठड्याला घासायची नाही, की रस्ता सोडायची नाही. शेजाऱ्यांना बाबांनी येता-जाता ऐकवलं होतं, "शेवटी रक्त कुणाचं आहे!"

पुढची शर्यत सुरू झाली. लाल गाडीने पहिला फेरा पुरा केला आणि तेवढ्यात फोन वाजला.

बाबांनी हात लांबवून उचललासुद्धा. "तुटली का गं?"

"काय तुटली?" पलीकडून अक्का म्हणाली. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. लेकीच्याच गावात, तिच्या घरामागच्या गल्लीत राहायची.

बाबांनी पडद्याकडे बघितलं. लाल गाडी मजेत धावत होती. घरात फोन एकच, तार एकच. लाइनवर लेक असती, तर अक्काचा फोन लागलाच नसता.

"अरे, बोल की," अक्का म्हणाली. "म्हटलं, बघू तरी लावून. तुझी लेक म्हणते, शनिवारी बाबांना फोन करू नकोस, त्यांचा कोणी भिडू येतो खेळायला. कोण रे हा एवढा लाडका भिडू?"

"ती कुठाय?"

"ही काय, इथेच. ताटं घेतेय. दर शनिवारी येते, जेवूनच जाते. नुसत्या खिदळत असतो आम्ही दोघी. तुला बोलली नाही कधी?"

बाबांना आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. दर शनिवारी ते शेवटच्या वळणावर ब्रेक दाबत होते, पोरीचं मन मोडू नये म्हणून. आणि यंत्राला शाब्बासकी देत होते! मग राग आला, तो मात्र अगदी पोटातून. कंटाळा आला म्हणाली असती, तर चाललं असतं. वेळ नाही म्हणाली असती, तर वर त्यांनीच तिची समजूत घातली असती. पण तिने दर शनिवारी आठवणीने फोन लावला होता, मोडेमला किंचाळू दिलं होतं, शर्यत सुरू झाल्याची खात्री केली होती, आणि मगच लाइन तोडून घराबाहेर पडली होती. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा देऊन सटकावं, तशी. पोटच्या पोरीने आपल्याला फसवलं, हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात एकदा पुरं म्हणून बघितलं. ते खरंच होतं.

पलीकडे ताटांचा आवाज थांबला. "आत्या, कुणाशी बोलतेस गं?"

"तुझ्या बाबाशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं बाबांना कळलं. लेकीचा आवाज आला, अगदी जवळून, नेहमीइतकाच गोड.

"बाबा, लाइन तुटली हो. मी आत्ता परत लावणारच होते."

बाबांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली.

"असू दे. तू जेव सावकाश," ते म्हणाले. "माझा भिडू खोळंबलाय."