ऐंशी नंबरचं दार

"पोर्ट ऐंशी आधीच वापरात आहे." स्क्रीनवर पुन्हा तोच निरोप आला आणि नव्या इंजिनियर बाईंनी कपाळावर हात मारला. साहेब यायच्या आत कंपनीची वेबसाइट सुरू झाली तर नोकरी पक्की, नाहीतर उद्यापासून घरी. तशी सर्व्हरला अशी दारं, म्हणजे पोर्ट, हजारो. पण जग येतं ते ऐंशी नंबरच्या दारानं, आणि तिथे कुठलातरी जुना प्रोग्रॅम ठाण मांडून बसला होता.

"दुसरा पोर्ट घ्या ना मॅडम," हिशेबनीस काका घाईघाईनं म्हणाले.

"म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकानं पत्त्यापुढे आकडा टाइप करायचा? कोण करेल काका? आणि हा प्रोग्रॅम आहे तरी कशाचा?"

काका मोबाइलमध्ये शिरले. बाकीच्यांनाही अचानक ऐकू येईनासं झालं.

बाईंनी प्रोग्रॅम बंद केला. तो परत उठून बसला. पुन्हा बंद केला, पुन्हा हजर! यापेक्षा मुक्कामाला आलेला पाहुणा परवडला. शेवटी त्यांनी त्याची आपोआप सुरू व्हायची सोयच काढून टाकली आणि मग त्याचा गळा आवळला. वेबसाइट झळकली. बाईंनी खुशीत टाळी वाजवली.

तेवढ्यात दारात साहेब! काका पत्ते पिसत होते. खरेदी विभागातल्या मावशी टेबलावर पाय टाकून नखं रंगवत होत्या. स्टोअरवाला तोंड उघडं टाकून घोरत होता. साहेब सगळं बघत बघत आपल्या केबिनमध्ये गेले.

"अहो मॅडम, घात केलात!" काका कुजबुजले. "साहेबांची गाडी दिसली की वॉचमन गेटवर बटण दाबतो आणि आमच्या स्क्रीन लाल होतात. तोच होता तुमचा प्रोग्रॅम."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"नव्या माणसाला? कसं सांगणार?"

केबिनमधून हाक आली. बाई केबिनकडे निघाल्या. गेली नोकरी!

साहेबांनी दार लावून घेतलं. "वेबसाइट छान झालीय. तुम्ही पक्क्या. पण ते लाल पान लगेच दुसऱ्या पोर्टवर सुरू करा. आपल्यातल्यांना आकडा टाइप करायला काही होत नाही."

"साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"मला ओरडता येत नाही हो," साहेब हळूच म्हणाले. "म्हणून तर वॉचमननं बटण दाबल्याशिवाय मी गाडीतून उतरतच नाही."