सुईचिमणीची गणती

यंदाचा आकडा भरून गणतीकाकांनी सही केली, की लगेच संचालकबाई सही करणार होत्या. कागद काकांपुढे होता, पेन हातात होतं. काकांनी पेनाला टोपण घातलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

“सही नाही करता येणार,” ते म्हणाले. “माझे आधीचे आकडेच चुकलेत.”

बैठकीच्या खोलीत तिघंच होते. तिसरा शास्त्रज्ञ. काकांच्या सहा वर्षांच्या आकड्यांवरूनच त्याने सरकारला पटवून दिलं होतं, की सुईचिमणी नामशेष व्हायच्या मार्गावर आहे. अठ्ठावन्न नरांवरून संख्या नवावर आली होती. इतक्या झपाट्याने घटते म्हणूनच पाणथळीला तातडीचं अनुदान मिळत होतं. त्यातून चार राखणदारांचा पगार व्हायचा आणि उन्हाळ्यात पाणी अडवून धरणारा दरवाजा चालायचा. आज पुढच्या तीन वर्षांची मंजुरी होती. ती गेली असती तर दोन उन्हाळ्यांत लव्हाळं वाळून कोळ झालं असतं.

सुईचिमणी सहसा दिसत नाही. दाट लव्हाळ्यात बसते आणि पहाटे नर तेवढा ओरडतो, तोही सुईच्या टोकाइतका बारीक. म्हणून तिची गणती कानांनी करायची. बांधावर चाळीस खुंट्या रोवलेल्या आहेत. प्रत्येक खुंटीपाशी दहा मिनिटं श्वास रोखल्यासारखं उभं राहायचं आणि जितके आवाज तितके ठिपके वहीत मांडायचे. काकांनी हे काम सत्तावीस वर्षं केलं. एकदाही दांडी मारली नाही, ताप असला तरी.

यंदा त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून आधाराला सून बरोबर आली. तिसऱ्या खुंटीपाशी काकांनी शून्य लिहिलं, तर ती हळूच म्हणाली, “बाबा, हे कोण ओरडतंय?” काका चिडलेच. कुणी ओरडत नाहीये, उगाच मनात शंका घालू नकोस, असं त्यांनी तिला सुनावलं. तिने वाद घातला नाही, फक्त बोट दाखवलं. हातभर अंतरावर एक काडी वाकली होती आणि तिच्यावर सुईचिमणी बसली होती. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. काकांना काहीही ऐकू आलं नाही.

हे सगळं त्यांनी टेबलाशी बसून, जसं घडलं तसं सांगितलं. मग खिशातून चौघडी घातलेला कानाच्या डॉक्टरांचा कागद काढला. माणसांचं बोलणं, पाणकोंबडी, बेडूक, सारं ठणठणीत ऐकू येतं. वरच्या पट्टीतले बारीक आवाज तेवढे वर्षागणिक उतरत गेलेत. म्हणून तर त्यांना कधी शंका आली नाही. उरलेल्या खुंट्यांवर सुनेने ठिपके मांडले होते. एकसष्ट.

शास्त्रज्ञाचा चेहरा खर्रकन उतरला. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या अख्ख्या अहवालाखालची जमीनच सरकली होती.

“काका, हे आधी मला एकट्याला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही माझी समजूत घातली असती,” काका म्हणाले. “आणि मला ती पटलीही असती. चार घरं चालतात त्या पैशांवर.”

खोटं सांगायला इतकं सोपं दुसरं काही नसेल. सून सोडली तर तो आवाज ऐकणारं दुसरं कुणी बांधावर जातच नव्हतं. चार शब्द गिळले असते तर पाणी टिकलं असतं, राखणदार टिकले असते, काकांचं नावही टिकलं असतं. तरी हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून, लंगडत, तीन जिने चढून स्वतःची चूक सांगायला आला होता. अशा माणसाला काय म्हणावं, तेच कळत नाही.

संचालकबाईंनी नियमांची फाइल ओढली. शब्द मऊ न करता त्यांनी सांगितलं, की संख्या घटत नसेल तर तातडीचं अनुदान देता येणार नाही, ते आजच थांबेल. मग आणखी दोन पानं उलटली. जात अजून दुर्मिळांच्या यादीत होतीच. साधं अनुदान देता येत होतं, निम्म्याहून थोडं कमी. पाण्याचा दरवाजा त्यात चालेल, राखणदार दोनच राहतील. पुढची गणती तिघांनी मिळून करायची आणि तिघांचेही कान आधी तपासून घ्यायचे.

“एकाच माणसाच्या कानांवर आम्ही सहा वर्षं योजना चालवली,” बाई शास्त्रज्ञाला म्हणाल्या. “ही चूक त्यांची नाही. तसं लिहा.”

शास्त्रज्ञाने मान हलवली आणि लिहायला घेतलं. काकांनी गणतीची वही टेबलावर ठेवली, तिच्या कोपऱ्याला पडलेली घडी अंगठ्याने सरळ केली आणि ती बाईंकडे सरकवली. कामाचा शेवट झाला, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

संचालकबाई उठून उभ्या राहिल्या. एरवी त्या कुणासाठी उठत नसत.

“वाईट वाटत असेल, काका.”

“वाईट कसलं?” काका हसले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. “सहा वर्षं मला वाटत होतं, पक्षी गेले. गेले ते नुसते माझे कान.”