पादचाऱ्याला प्राधान्य

अकराला दहा मिनिटं कमी होती आणि नागेंद्र सीमाभागातल्या मच्छे गावात रस्त्याकडेला, पांढऱ्या पट्ट्यांपाशी मघापासून ताटकळत उभा होता. पलीकडच्या कारखान्यात त्याला अकरा वाजता कामगारांना पायी चालण्याचे नियम शिकवायचे होते. बेंगळुरूहून रस्ता सुरक्षा खात्याचे मोठे साहेब खास त्याचं भाषण ऐकायला येणार होते. आवडलं तर तीन वर्षांची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. साहेबांच्या आधी पोचला नाही, तर घरी बसायचं.

नियम त्याला तोंडपाठ. पट्ट्यांवरूनच ओलांडा. आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे बघा. त्यानं बघितलं. वीस वेळा बघितलं. पट्ट्यांवर पायी माणसाचा हक्क पहिला, असं पुस्तकात छापलंय. पण डंपरवाले कुठली पुस्तकं वाचतात! एकानं तर खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मरायचंय व्हय रं?" कारमधल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी तेवढीही विचारपूस केली नाही. त्यांनी नुसता वेग वाढवला.

एवढ्यात गावातली गुणाबाई म्हैस घेऊन आली. ना उजवीकडे बघितलं, ना डावीकडे. म्हैस डुलत डुलत रस्त्यावर उतरली आणि करकचून ब्रेक लागले. डंपर थांबला, कार थांबल्या, शाळेची बससुद्धा थांबली. काय तो मान, काय ती अदब! 'अडाणी कुठली,' नागेंद्र मनात म्हणाला, आणि लाज गुंडाळून ठेवून म्हशीच्या आडोशानं पलीकडे गेला.

"आक्का, माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. हिच्यासाठी बरे थांबतात!"

"माणसाला धडकलं तर माणूस मोडतंय, म्हशीला धडकलं तर गाडी," गुणाबाई म्हणाली. "माझा दीर ह्याच पट्ट्यांवर गेला. गाडीला ओरखडाबी उठला न्हाय."

पाठ केलेल्या भाषणाची नागेंद्रला एकदम शिसारी आली.

तो कारखान्याच्या फाटकात पोचला तेव्हा अकरा वाजले होते. साहेब अजून आले नव्हते. सुटलो बाबा, असं म्हणेपर्यंत फोन वाजला. वळायला जागा न मिळाल्यानं साहेबांची गाडी रस्त्यापलीकडेच थांबली होती आणि साहेब हातात फाइल धरून पट्ट्यांपाशी उभे होते. एक पाय खाली टाकत होते, परत वर घेत होते.

"अरे, इथं कुणी थांबतच नाही!" साहेब फोनवर कन्नडमध्ये कडाडले. "नियमबियम काही आहे की नाही इथं?"

फाटकाबाहेर गुणाबाई म्हशीला कडेचं गवत चारत होती. नागेंद्रनं तिच्याकडे बघितलं. गेली नोकरी तर गेली.

"तिथंच थांबा, सर," तो अस्सल कन्नडमध्ये, अगदी अदबीनं म्हणाला. "म्हैस पाठवतो."