फिनेलचा वास

सुनेने फिनेल बंद करून लिंबाच्या सालींचं आणि व्हिनेगरचं घरगुती पाणी सुरू केलं, तेव्हापासून सासऱ्यांनी युद्धच पुकारलं. जन्मभर स्वच्छता निरीक्षकाची नोकरी केलेला माणूस. डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास जास्त.

"फरशी पुसलीस?"

"तुमच्यासमोरच पुसली की, बाबा."

"मग वास कुठाय? सरबत सांडल्यासारखं वाटतंय नुसतं. कामचुकारपणाची थेरं आहेत ही!"

कंबर मोडेपर्यंत दोन-दोनदा पुसूनही संध्याकाळी मुलापुढे तिचा उद्धार ठरलेला. शेवटी तिने मुकाट्याने माळ्यावरून फिनेलची बाटली खाली काढली.

आठवडाभरात सासऱ्यांचा सूर पालटला. खुर्चीत टेकून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मुलाला ऐकवलं, "याला म्हणतात पुसणं! धाकात ठेवलं की माणसं बरोबर सरळ होतात."

"हो बाबा," सून मान खाली घालून म्हणाली.

त्यांच्या खुर्चीखाली फिनेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा होता. फरशीला मात्र बाटली खाली आल्यापासून फडकंच लागलं नव्हतं.