शिबिरातले टाके

शिबिरात पितांबरची नसबंदी झाली, तरी वर्षभरात सुगंधाबाईला दिवस गेले. त्यानं भावकीसमोर तिच्या चालीवर बोट ठेवलं आणि यावलहून अमळनेरच्या एस.टी.त बसवून तिला कायमची माहेरी धाडली. पोरगं चालायला लागलं, तरी हा फिरकला नाही.

शिबिराच्या डॉक्टरविरुद्ध सुगंधाबाईनंच मेडिकल कौन्सिलकडे तक्रार लावून धरली. चौकशीत सगळं उघडं पडलं. डॉक्टर नुसती कातडी चिरून टाके घालायचा आणि ऑपरेशनचं बिल सरकारकडून उकळायचा. त्याची डॉक्टरकी सहा महिने बंद झाली.

ते कळल्यावर पितांबर सासुरवाडीला आला. ऐसपैस बसून चहा प्याला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "डाक्टर लबाड निघाला, सुगंधा.



चाल घरी. मी तुले माफ केलं."