टाकीतले अकरा दिवस

कबुली तिने उभ्या उभ्याच दिली. संचालकांनी दोनदा बस म्हटलं, पण तिला बसवेना.

"साहेब, दाबमापक समुद्रात सोडण्याआधी महिनाभर चाचणीच्या टाकीत ठेवायचा असतो. मी अकराच दिवस ठेवला. बहिणीचं लग्न होतं. कागदावर तीस लिहिले."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समुद्राखालच्या ज्वालामुखीच्या कुशीत ते यंत्र दोन वर्षं बसून होतं. तळ फुगून वर आला की यंत्राच्या डोक्यावरचं पाणी कमी होतं आणि दाब उतरतो. दाब उतरला होता. हिशेबाने तळ चाळीस सेंटीमीटर उचलला होता. शेजारचं दुसरं यंत्र कधीच बंद पडलेलं, त्यामुळे या एकाच्या भरवशावर किनाऱ्यावरचं अख्खं गाव चार महिन्यांपूर्वी हलवलं होतं.

"पण खाली राहून राहून यंत्राचा आकडा आपोआपही सरकतो," ती म्हणाली. "किती सरकेल त्याचा अंदाज टाकीत येतो. तोच मी घेतला नाही. तळ कदाचित हललाच नसेल."

"आणि हे चार महिने पोटात ठेवलंस?"

त्याच गावात तिचा मामा राहायचा, नावा बांधणारा. आता तो एका शाळेच्या वर्गात फळ्याखाली गादी टाकून झोपत होता. आदल्या दिवशी ती भेटायला गेली, तेव्हा त्याने थट्टा केली होती, "साठीत पुन्हा शाळेत बसवलंस की भाचीबाई! पाढे विचारू नकोस म्हणजे झालं."

शेजारच्या गादीवरच्या बाईने मात्र तोंड फिरवलं. तिचा नवरा त्याच वर्गात खोकून खोकून गेला होता. मामा तिला समजावत होता, "आमची पोरगी आकड्यात चुकायची नाही हो." ते ऐकून भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

इशारा मागे घेतला गेला. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. ती निलंबित झाली, आणि ते तिला कमीच वाटलं. गाव बाडबिस्तारा घेऊन घरी परतलं. यंत्र वर काढायला जहाज निघालं.

तीन आठवड्यांनी मामाचा फोन आला. "चूल पेटली बरं का. लोक चिडलेत, पण विसरतील. तू ये."

त्याच दुपारी प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने तिला बोलावून घेतलं. वर आणलेलं यंत्र त्याने टाकीतल्या नेमक्या दाबाशी ताडून पाहिलं होतं.

"तुझी शंका खरी निघाली," तो म्हणाला. "यंत्र सरकलंय. चांगलं तीस सेंटीमीटरांइतकं."

तिला एकदम हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली. निदान बोलून टाकलं ते बरं केलं. "म्हणजे चाळीसातले तीस वजा. तळ दहाच उचलला."

तंत्रज्ञाने कागद तिच्यापुढे सरकवला.

"पोरी, यंत्र दाब कमी नव्हतं दाखवत, असेल त्याहून जास्त दाखवत होतं. ते तीस वजा नाही करायचे. मिळवायचे."